बेबीनंदाबाईंचे नवे केस

रविवारी सकाळी बेबीनंदाबाई लोडे सुनेला पाटावर बसवायच्या, स्वतः मागे स्टुलावर बसायच्या आणि टोरीच्या तेलाची वाटी घेऊन कामाला लागायच्या. टोरी म्हणजे मोहाची बी. तिचं तेल घट्ट, उग्र वासाचं, आणि आगाऊ पाहुण्यासारखं एकदा चिकटलं की हलायचं नाव न घेणारं. सुनेचं नाव कावेरी. तिचे केस ओले असताना खांद्याला टेकायचे आणि वाळले की एकेक केस स्वतःभोवती गिरक्या घेत वर चढायचा. मग डोक्याभोवती काळाभोर, दाट, गोल घुमट उभा राहायचा. बेबीनंदाबाईंना तो घुमट मंजूर नव्हता. त्या बटाबटांत तेल जिरवायच्या, दातांत पिना धरून केस मागे ओढायच्या, मुठीएवढा अंबाडा घालायच्या आणि वर जाळी लावायच्या. कावेरीच्या भुवया ताणून वर जायच्या. काम संपलं की सासूबाई तिची हनुवटी धरून चेहरा इकडून तिकडे वळवून पाहायच्या.

"पाह्य आता, कशी झ्याक दिसते! नाई तं कावळ्यानं घर केल्यावानी डोक्शावर."

यात दुष्टपणा मुळीच नव्हता. मुलानं परजातीची, परप्रांताची आणि वर अशा केसांची मुलगी पसंत केली म्हणून याच बाईनं एकेकाळी अन्नपाणी सोडलं होतं. पुढं राग ओसरला, माया लागली, आणि बेबीनंदाबाईंची माया नेहमी हातांतून यायची. सात वर्षं एकही रविवार चुकला नव्हता. कावेरीला हे सगळं कळायचं. फक्त सोमवारपर्यंत तिचं डोकं ठणकायचं, पण ते ती कुणाला बोलली नव्हती.

कावेरी सिद्दी समाजातली, यल्लापूरच्या रानातल्या एका वाडीची. तिच्या पूर्वजांना काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून जहाजांत घालून या किनाऱ्यावर आणलं गेलं होतं. त्यांतले कित्येक गुलामी झुगारून घाटातल्या जंगलात शिरले आणि तिथलेच झाले. घरात कोंकणी, शाळेत कन्नड, बाजारात मराठी, अशात ती वाढली. तरी चंद्रपुरात रिक्षावाले तिला अदबीनं विचारायचे, "मॅडम, कोणत्या देशातून आल्या?" ती म्हणायची, "बाजूच्या राज्यातून. बंगाली कॅम्प चौकात सोडा."

केसांची कटकट मात्र जन्माची. धारवाडच्या वसतिगृहात बाईंनी उवा होतील या भीतीनं ते मुळापासून कातरले. वर्गातली पोरं त्यांत पेन्सिली खोचून कुणाची पडते ते पाहायची. पुढं डॉक्टरेट झाल्यावर पहिल्याच मुलाखतीत एका सज्जन गृहस्थांनी सगळी उत्तरं मान डोलावत ऐकली आणि शेवटी एवढंच विचारलं, "कामावर येताना केस जरा नीट करून याल ना?" हा 'नीट' शब्द तिच्या मागं आयुष्यभर लागला होता. मग तिनंच केस दाबून बसवायला सुरुवात केली. दात घासावेत तसं ते अंगवळणी पडलं, आणि लग्नानंतर ते काम सासूबाईंनी आपखुशीनं स्वतःकडे घेतलं.

आणि गंमत पाहा, पोटापाण्यासाठी कावेरी करत काय होती? असेच केस दुसऱ्यांच्या डोक्यावर पिकवत होती!

*

त्या वर्षांत चंद्रपूरचा पारा पन्नाशीला टेकू लागला होता. गावाबाहेर कोळशाच्या खाणींतून उपसलेल्या दगडमातीचे डोंगर उभे होते. त्यांवर झाडं लावायचं काम बायकांच्या टोळ्या करत. उन्हाळ्यात खड्डे खणायचे, आधीच्या वर्षीची रोपं टँकरच्या पाण्यानं जगवायची, पावसाळ्यात नवी लावायची. अशा एका टोळीच्या मुकादम होत्या बेबीनंदाबाई. मागच्या मे महिन्यात त्यांच्या टोळीतली सुनंदा खड्डा खणता खणता काळ्या ढिगावर पडली, ती उठलीच नाही. बेबीनंदाबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. "तव्यावानी तापलं होतं वं," एवढंच त्या घरी येऊन म्हणाल्या होत्या, आणि नंतर बरेच दिवस सुनंदाचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

नागपूरच्या ज्या संशोधन संस्थेत कावेरी काम करायची, तिथं नेमका याच गोष्टीवर उपाय तयार झाला होता. त्याचं सरकारी नाव 'ऊष्मारोधी केशमूल उपचार'. हे नाव एका दमात उच्चारणारा माणूस अजून भेटायचा आहे. पहिल्या चाचणीसाठी खाणीवरची ही टोळी निवडली गेली. सासूच्या टोळीत सुनेची चाचणी नको, असं कावेरीनंच कळवलं होतं. पण मापं यंत्रच घेणार, तिनं फक्त बायकांना समजावून सांगायचं, असं ठरलं आणि काम तिच्याच गळ्यात पडलं.

ढिगाच्या पायथ्याशी पत्र्याच्या शेडमध्ये तिनं दोन पुतळ्यांची डोकी मांडली, एकाला सरळ केस, दुसऱ्याला घट्ट कुरळे. दोन्हींवर सूर्यासारखा तापणारा दिवा लावला.

"आपलं शरीर उन्हात सगळ्यात जास्त कुठं तापतं? माथ्यावर, कारण सूर्य तिथंच थेट पडतो," ती म्हणाली. "सरळ केस कातडीला चिकटून पडतात. केस तापले की कातडी तापते. मग थंड व्हायला घाम गाळावा लागतो, अंगातलं पाणी संपतं आणि माणूस कोसळतो. आता हे दुसरं डोकं पाहा. घट्ट कुरळा केस उभा राहतो. हजारो वेटोळी एकमेकांवर उभी राहिली की मधे हवेचा थर अडकतो. ऊन वरच्यावर अडतं, तिथली उष्णता वारा घेऊन जातो, खाली कातडी गार. टोपी घातली तर वारा बंद होतो. छत्री धरली तर एक हात जातो. हे छप्पर मात्र डोक्यालाच उगवतं. माणूस आफ्रिकेच्या उघड्या माळावर उभा राहून चालायला लागला तेव्हा त्याच्या डोक्यावर बहुधा हेच होतं."

बायकांनी पुतळ्यांच्या टाळूला हात लावून पाहिला. एक चांगलीच तापली होती, दुसरी कोमट. पुढचं तिनं फळ्यावर काढून दाखवलं. केस ज्या नळीतून उगवतो ती कातडीत सरळ उभी असेल तर केस सरळ येतो. नळी आकड्यासारखी वाकडी असेल तर केसाची एक बाजू आधी टणक होते, दुसरी मागाहून, म्हणून तो वळत वळत बाहेर पडतो. उपचार म्हणजे मऊ काट्यांची एक टोपी. ती अर्धा तास घातली की औषध मुळांपर्यंत जातं आणि विश्रांती घेत असलेल्या नळ्यांना वाकायचा निरोप देतं. जुने केस गळतात, नवे झपाट्यानं आणि वेटोळे घेऊनच येतात. चार-पाच वर्षांनी असर उतरतो, आणि नकोच वाटलं तर उतारा आहे.

"फक्त एक लक्षात ठेवा," तिनं शेवटी बजावलं. "हे केस मोकळे ठेवायचे."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग ललिता गेडाम नावाची एक तरतरीत पोरगी तोंडाला पदर लावून म्हणाली, "म्याडम, सुई घेतली का डोक्शावर मेंढरू उगवते म्हंतेत. नवरा घरात घेईन का मंग?"

सगळ्या खदखदून हसल्या. कावेरीही हसली. असं हसायची तिला लहानपणापासून सवय होती, आणि त्याचंच तिला त्या क्षणी फार वाईट वाटलं. औषधाची काट्यांची टोपी टेबलावर तशीच पडून होती. एकही बाई पुढं येईना.

तेवढ्यात मागून बेबीनंदाबाई उठल्या. खुरपं बाजूला ठेवलं, हात लुगड्याला पुसले आणि सुनेसमोरच्या खुर्चीत येऊन बसल्या.

"घाल ते टोपी."

"आई, तुम्ही नीट विचार..."

"माह्या सुनेचं औषध हाय. वंगाळ असन तं पह्यले माह्या डोक्शात जाऊ दे. अन् चांगलं असन," त्या ढिगाकडे बघत थांबल्या, "चांगलं असन तं एक साल उशीर झाला त्याले."

त्यानंतर रांग लागली.

*

दिवाळीच्या सुमारास बेबीनंदाबाईंच्या टाळूवर काळेपांढरे बारीक कोंब दिसू लागले. संक्रांतीपर्यंत त्यांचं डोकं पाहण्यासारखं झालं. एका सकाळी न्हाणीघरातून हाक आली.

"कावेरी वं! फणी निघेना!"

जन्मभर वापरलेली बारीक दातांची फणी माथ्यावर तुऱ्यासारखी उभी होती. कावेरीचा नवरा प्रणय दारातून हे पाहून असा हसला की त्याला अंगणात जाऊन बसावं लागलं. कावेरीनं पाणी शिंपडलं आणि बोटांनी एकेक बट सोडवत फणी काढली.

"आई, हे केस फणीनं विंचरत नाहीत. ओले करायचे, बोटांनी सोडवायचे आणि..."

"थांब. मले नको शिकवू," बेबीनंदाबाई ठसक्यात म्हणाल्या. "सात वर्स तुह्ये केस कोण बांधते? मी. असल्या केसाचं मले नाई तं कोणाले कळन?"

कावेरीनं फणी त्यांच्या हातात दिली. सासूशी वाद घालण्यापेक्षा तिला प्रबंध लिहिणं सोपं वाटायचं. शिवाय खरं सांगायचं तर आपले केस कसे सांभाळायचे ते तिलाही आता अंधुकच आठवत होतं. लहानपणी अव्वा, म्हणजे तिची आई, नदीवर तिचं डोकं भिजवायची, बोटं फिरवायची आणि दगडावर बसवून म्हणायची, "वाळू दे." बस्स, एवढंच होतं ते.

केस वाढले तशी गल्लीत कुजबुज वाढली. भाजीबाजारात एका पोरानं मागून 'बँ' केलं. बेबीनंदाबाईंनी त्याच्या बापासकट उद्धार केला, पण घरी आल्यावर त्या बराच वेळ आरशासमोर होत्या. जेवताना अचानक म्हणाल्या, "तुले शाळेत पोट्टे चिडवत होते?"

"हो."

"मंग तू काय करत जाय?"

"काय करणार? पहिल्यांदा रडले. पुढं मोठेपणी दाबून बांधायला लागले. आता तुम्ही बांधता ना, तसेच."

बेबीनंदाबाईंनी मान हलवली. त्यांना ते पटलं होतं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांची स्वतःची जाळी आणखी घट्ट झाली. तेवढ्यात वरोऱ्याहून भाचीच्या लग्नाची पत्रिका आली, अक्षय्य तृतीयेची. याच नातेवाइकांनी प्रणयच्या लग्नात कावेरीच्या डोक्याकडे पाहून तोंडं फिरवली होती.

"लग्नात आपण दोघी चापून-चोपून जाऊ," बेबीनंदाबाई म्हणाल्या. "कोणाले बोलाले जागा नाई ठेवाची."

*

मार्च उजाडला आणि कावेरीची झोप उडाली.

प्रत्येक बाईच्या मानेमागं, केसांच्या मुळाशी, तांदळाच्या दाण्याएवढा तापमापक होता. त्याची मापं रोज संगणकावर यायची. प्रयोगशाळेतल्या पुतळ्यांवर चार-पाच अंशांचा फरक पडायचा. इथं ढिगावर काहीच नाही! उपचार घेतलेल्या या टोळीच्या आणि न घेतलेल्या शेजारच्या टोळीच्या डोक्यांत काडीचा फरक नव्हता. काहींची डोकी उलट जास्त तापत होती, आणि त्यांत सगळ्यात तापलेलं डोकं मुकादमबाईंचं होतं.

संस्थेच्या प्रमुख डॉक्टर आंबेकर व्हिडिओवर आल्या. त्या मनानं चांगल्या, बोलायला रोखठोक.

"कावेरी, महिनाअखेर समिती बसते आहे. आकडे असेच राहिले तर चाचणी बंद. सगळ्यांना उतारा द्यायचा आणि मोकळं व्हायचं. लोक आधीच विचारतायत की बायकांची डोकी कशाला बिघडवलीत."

"बिघडवली?"

"त्यांचा शब्द आहे, माझा नाही."

चाचणी बंद पडली तर मे महिन्यात या बायका पुन्हा तशाच काळ्या ढिगावर जाणार, आणि त्यांच्या पुढं खुरपं घेऊन चालणार तिची सासू. दुसरीही एक बोच होती, ती कावेरीनं कुणालाच सांगितली नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी म्हणणार होतं की असे केस कामाचे असतात. तेही आता खोटं ठरणार होतं.

औषध तपासलं, ते ठीक होतं. तापमापक बदलले, आकडे तेच. शेवटी ती भर दुपारी स्वतः ढिगावर चढली.

वर पोचली आणि थबकली. टोळी खड्ड्यांवर वाकलेली होती. प्रत्येक डोक्यावर ओढणी करकचून गुंडाळलेली. तिनं ललिताला हाक मारली आणि तिची ओढणी सोडवली. खाली काळी जाळी. जाळीखाली तेलानं थबथबलेले, कवटीला चिकटवलेले केस, डझनभर पिना, आणि मागं मुठीएवढा अंबाडा. तिनं दुसरीची ओढणी काढली, मग तिसरीची. सगळीकडे तोच अंबाडा, टोरीच्या तेलाचा तोच उग्र वास. प्रत्येक डोक्यावर जणू तिचंच डोकं बसवलं होतं.

हवेचा थर कुठून राहणार? तेलानं वेटोळी एकमेकांना चिकटली होती, पिनांनी उरलीसुरली दाबली होती, आणि वरून ओढणीचं झाकण!

"हे काय केलंत?" तिचा आवाज चढला. "मी सांगितलं होतं ना, मोकळे ठेवा म्हणून!"

"मोकळे?" एक म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाईमाणूस मोकळे केस टाकून कामाले जाते का, माय? घरात कोणी मेल्यावर सोडतेत केस."

"अन् म्याडम," ललिता जराशी बिचकत म्हणाली, "तुमी तोंडानं मोकळे म्हनलं, पन तुमचे तं बांधलेलेच होते. आमाले वाटलं, बोलाचं एक रायते अन् कराचं एक. आमी तुमचं पाहून केलं."

"साऱ्याईले म्याच शिकवलं," बेबीनंदाबाई अभिमानानं पुढं आल्या. ऊन लागून त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "एकेकीले बसवून. आपल्या कावेरीचे बांधतो तसेच."

कावेरी एकेका अंबाड्याकडे पाहत गेली. औषधात चूक नव्हती, यंत्रात चूक नव्हती. असे केस जन्मापासून डोक्यावर असलेली या मुलखातली एकुलती एक बाई ते लपवून हिंडत होती, आणि सगळ्यांनी तिच्याकडून लपवायचंच शिक्षण घेतलं होतं. तिला हसू आलं आणि रडूही आलं.

आता पुन्हा तोंडानं सांगून काही उपयोग नव्हता. तिनं हात मागं नेले. त्या पहिल्या मुलाखतीनंतर घराबाहेर, चारचौघांत, तिनं केस कधी सोडले नव्हते, आणि पंचवीस बायका टक लावून बघत होत्या. तिनं पहिली पीन काढली.

"वं, काय करून रायली?" बेबीनंदाबाई चमकल्या. "झाक ते! लोकं पाहून रायले."

"पाहू द्या, आई. आज त्यांना दाखवायलाच आले आहे."

पिना संपल्या, जाळी निघाली, पण केस काही उठेनात. सात वर्षांचं टोरीचं तेल ते! ललिताच्या डोक्यात मात्र उजेड पडला. ती धावत टँकरकडे गेली आणि रोपांना पाणी घालायचा जाड पाइप ओढत आणला. डब्यासोबत भांडी घासायला आणलेली शिकेकाई कुणीतरी पुढं केली. कावेरी एका दगडावर वाकून बसली. पाणी चांगलंच कोमट होतं. दोघी-तिघींनी मिळून तिचं डोकं असं खसखसून धुतलं की शेजारच्या कडुलिंबाच्या रोपाला महिनाभराचं तेल मिळालं.

मग ती सरळ बसली आणि अव्वासारखं म्हणाली, "वाळू दे."

त्या उन्हात वाळायला कितीसा वेळ लागणार? बायका खुरपी टाकून भोवती बसल्या. आधी कपाळावरची एक बट वळली आणि वर गेली. मग कानामागची. मग सगळे केस हळूहळू, आंबवलेलं पीठ फुगून यावं तसे, चहूबाजूंनी वर आले. ढिगावर गरम वारा होता. तो केसांतून आरपार गेला आणि कावेरीच्या टाळूला लागला. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा. तिनं डोळे मिटले.

"हात लावा," ती म्हणाली. "खाली बोटं घाला. कातडीला."

ललितानं बोटं घातली आणि किंचाळलीच. "थंडं हाय वं! माय माय, माठावानी थंडं!"

एकेक जण येऊन हात लावून गेली. शेवटी बेबीनंदाबाई आल्या. त्यांनी तेल लावताना हे डोकं शेकडो वेळा चाचपलं होतं. आता त्यांचा हात केसांवर नुसता राहिला. खाली घालायला धजेना.

"म्हंजे सात वर्स," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सात वर्स म्या तुह्या डोक्शाची भट्टी करून ठेवली?"

"मी पण कधी बोलले नाही ना, आई."

"काहून नाई बोलली?"

"रविवारी तुम्ही एवढं मायेनं बसवायच्या. ते सोडवेना."

बेबीनंदाबाईंचे डोळे भरून आले. नाक ओढून त्यांनी ते पदरानं पुसले, आणि पुसता पुसताच ओढणी सोडली, जाळी ओढली, पिना मातीत फेकल्या. मग त्या सुनेपुढं दगडावर बसल्या. मुकादम बसल्यावर टोळी कशाला मागं राहते? पण पहिला मान त्यांचाच होता.

"धू," त्या म्हणाल्या. "अन् वढू नको जास्त. दुखते मले."

*

समितीच्या बैठकीत डॉक्टर आंबेकरांनी आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी शेजारी ठेवले तेव्हा एका सदस्यानं विचारलं, मधे नेमकं काय बदललं? औषधाची मात्रा वाढवली का? कावेरी मागच्या रांगेतून उभी राहिली. सदस्यानं तिच्या डोक्याकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न गिळला. चाचणी चालू राहिली. त्या उन्हाळ्यात ढिगावर खड्डे खणताना कुणी पडलं नाही. दुपारच्या सुट्टीत पंचवीस घुमट शेडच्या सावलीत ओळीनं जेवायला बसायचे, आणि खाणीचे ट्रक तिथं उगीचच वेग कमी करायचे.

गल्लीचं म्हणाल तर गल्ली एका दिवसात बदलत नाही. 'बँ' करणारं पोरगं अजून 'बँ' करायचंच. पण त्याच्या आईनं हळूच विचारून ठेवलं होतं की पुढच्या चाचणीत नाव घालता येईल का.

राहता राहिलं वरोऱ्याचं लग्न. त्या सकाळी कावेरी पैठणी नेसून सवयीनं पिनांचा डबा घेऊन सासूसमोर पाटावर येऊन बसली. चारचौघींत उभं राहायची भीती ढिगावरच संपली असं तिला वाटलं होतं, पण नातेवाईक म्हणजे ढीग नव्हे. तिला ते जुने फिरवलेले चेहरे आठवत होते. आज सासूबाईंनी 'एवढा एक दिवस बांध' म्हटलं असतं, तर तिनं मुकाट्यानं बांधले असते.

बेबीनंदाबाईंनी पिनांचा डबा उचलला आणि फडताळात वर ठेवून दिला. वाटीत साधं पाणी घेतलं. बोटांनी एकेक बट सोडवली, फुंकर घालून फुलवली आणि घुमटाच्या डाव्या बाजूला मोगऱ्याचा छोटा गजरा खोचला. मग हनुवटी धरून चेहरा इकडून तिकडे वळवून पाहिला.

"पाह्य आता," त्या म्हणाल्या. पुढचं वाक्य त्यांनी गाळलं. मग स्वतः पाटावर बसल्या आणि उरलेला गजरा सुनेच्या हातात दिला.

मांडवात दोघी शिरल्या तशी बायकांच्या घोळक्यातली बोलणी थांबली. कावेरीचा हात आपोआप डोक्याकडे गेला, पण सासूबाईंनी तो मधेच पकडला आणि मांडवभर तसाच धरून ठेवला. नवरदेवाकडची एक म्हातारी, या घरची काहीच माहिती नसलेली, त्यांच्याजवळ सरकली. आधी बेबीनंदाबाईंचा करडा घुमट पाहिला, मग कावेरीचा काळा, आणि तोंड भरून हसली.

"लेक हाय न तुमची? दिसतेच वं. केसं पाहा, अगदी तुमच्यावर गेली पोरगी."

कावेरी काही बोलणार, तोच बेबीनंदाबाईंनी मान ताठ केली.

"नाई वं बाई," त्या म्हणाल्या, इतक्या मोठ्यानं की मागच्या खुर्च्यांपर्यंत ऐकू जावं. "मीच तिच्यावर गेली."